मुठेकाठची शाळा

पुण्यातला लाकडी पूल लाकडाचा नाही आणि नवा पूल नवा नाही. पहिला १७६१ मध्ये, पानिपताच्या वर्षी, लाकडात उभा राहिला. पुढे तिथे दगडी पूल झाला, पण नाव लाकडीच राहिलं. दुसरा १९२३ साली वाहतुकीला खुला झाला. त्याची शंभरी उलटून गेली तरी पुणेकरांच्या लेखी तो नवाच. या पुलांवरून रोज शाळेच्या रिक्षा आणि बस जातात. आतल्या मुलांना विचारावं, खाली काय वाहतंय? ‘नाला’ हे उत्तर पटकन येतं. मुठा हे नाव आठवायला जरा वेळ लागतो.

यात मुलांचा दोष नाही. नदीबद्दल ती पुष्कळ शिकतात. परिसर अभ्यासात नदी असते, भूगोलात तिचं खोरं असतं, नववी-दहावीला तर जलसुरक्षा हा स्वतंत्र विषयच आहे. पण पुस्तकातली नदी निळ्या रेघेची आणि पुलाखालची काळ्या पाण्याची. या दोन्ही एकच, हे पटवून द्यायला कुणीतरी मुलांना पुलावरून खाली, काठावर न्यावं लागतं.

‘जीवितनदी’ ही पुण्यातली संस्था २०१४ पासून हे करते आहे. तिच्या नदीफेऱ्यांमध्ये मुठा ‘मुठाई’ होते. नाव बदललं म्हणून पाणी स्वच्छ होत नाही, हे खरंच. पण जिला आई म्हटलं तिच्याकडे नाक मुरडून बघणं जरा अवघड जातं. सिंहगड रस्त्यावरच्या विठ्ठलवाडीला नदीकाठचा एक पट्टाच आसपासच्या रहिवाशांनी दत्तक घेतल्यासारखा सांभाळला आहे. आषाढीला इथल्या विठ्ठलाच्या देवळात मोठी गर्दी होते. ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही त्यांचं पंढरपूर हेच. दर्शन घेऊन माघारी वळणारा माणूस चार पावलं पुढे, नदीपर्यंत गेला तर त्याला उंबर, करंज आणि पाण्यात पाय सोडून उभं राहणारा वाळुंज भेटतो. वाळुंज हे नाव पुणेकराला आडनाव किंवा गाव म्हणून माहीत असतं. ते एका झाडाचं आहे, हे काठावर उभं राहिल्यावर कळतं.

आणि मुठेजवळ सांगायला गोष्टी किती! दत्तवाडीजवळ तिच्या काठच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. म्हणजे शनिवारवाडा उभा राहण्याच्या हजारो वर्षं आधी इथे कुणीतरी पाण्यासाठी येत होतं. वरच्या अंगाला खडकवासल्याचं धरण १८७९ चं. तिथे १९०३ मध्ये बसलेले स्वयंचलित दरवाजे विश्वेश्वरय्यांच्या कल्पनेतले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. वीज नाही, बटण नाही, सारी किमया वजनांच्या तोलाची. विज्ञानाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि ते शाळेपासून एका बसच्या अंतरावर घडलं.

सगळ्यात मोठा धडा मात्र १२ जुलै १९६१ चा. त्या दिवशी सकाळी पानशेतचं बांधकाम चालू असलेलं धरण फुटलं, लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकलं नाही आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. गोखलेनगर, सहकारनगर भागात आजही ‘पूरग्रस्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहती आहेत. तिथल्या नातवंडांपैकी कितीजणांना माहीत असतं, आपलं घर इथे का आलं? इथे पुस्तक लागत नाही, आजी पुरते. पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं, अंगावरच्या कपड्यांनिशी कुठे पळालो, परत आल्यावर भिंत होती की नव्हती, हे ती हाताने दाखवून सांगते. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंचाहत्तरीला टेकली आहे. मुलांनी वही-पेन घेऊन तिच्यापुढे बसायचं असेल तर याच वर्षी बसावं.

नुसत्या देवळांच्या आणि पुलांच्या गोष्टी सांगून थांबणारी वारसाफेरी अर्धीच म्हणायची. मुठेचा आजचा हिशेब सरळ आहे. धरणातलं पाणी कालव्याने आणि नळाने शहरात येतं, शहर ते वापरतं आणि गटारातून नदीत सोडतं. त्यामुळे उन्हाळ्यात पुलाखालून जे वाहतं, त्यातलं बरंचसं आपणच वापरून टाकलेलं असतं. हे कळलं की ‘नदी कुणी घाण केली?’ हा प्रश्न न्हाणीघरापर्यंत येऊन थांबतो. जीवितनदीची मंडळी म्हणूनच साबण, शाम्पू, फरशी पुसायची रसायनं यांवर बोलतात. रिठा, शिकेकाईची आठवण करून देतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं उटणंही त्याच वाटेने मुठेला जाऊन मिळतं, पण त्याचा तिला त्रास नाही.

सरकारी पातळीवरही असा प्रयत्न झाला. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू झालं, राज्यातल्या ७५ नद्यांवर संवादयात्रा काढायचं ठरलं. कागदी अहवालापेक्षा गावोगावच्या शाळांनी आपल्या नदीची वही लिहायला घेतली, तर त्याचं चीज होईल. पुण्यात तर याची निकड अधिक. शहरातल्या सुमारे ४४ किलोमीटर नदीकाठाच्या सुशोभीकरणाचा प्रकल्प चालू आहे आणि त्यावर वादही रंगले आहेत. पूररेषा म्हणजे काय, काठावरची झाडी पाण्यासाठी काय करते, हे दहावीच्या मुलाला नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. उद्या हरकती-सूचना तोच पाठवणार आहे.

विठ्ठलवाडीच्या फेरीत मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: हे पाणी पुढे कुठे जातं? संगमावर मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा उजनीच्या धरणात शिरते. तिथून सुटलेलं पाणी पंढरपूरला चंद्रकोरीसारखं वळण घेतं, त्या जागी भीमेला चंद्रभागा म्हणतात. वारकरी तिच्यात स्नान करतात, तळहातावर घेऊन तीर्थ म्हणून पितात.