जिवंत खडक

दगडाला पाझर फुटत नाही, असे आपण म्हणतो. दगड म्हणजे निर्जीवपणाची परमावधी, अशी आपली समजूत आहे. तेव्हा 'जिवंत खडक' हे नाव ऐकून कोणीही थबकावे हे साहजिक आहे. परंतु खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींत हा शब्द चांगला रूढ झालेला आहे. त्याचा अर्थ काय, असा खडक निवडावा कसा व तो तयार करावा कसा, हे येथे क्रमाने सांगण्याचा आमचा विचार आहे.

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात प्रवाळ नावाचे लहान प्राणी वसाहती करून राहतात आणि आपल्याभोवती चुन्याचे सांगाडे रचतात. प्राणी मरतात, सांगाडे मागे राहतात. लाटांनी व वादळांनी मोडून त्यांचे तुकडे तळाशी पडतात. तुकडा मेलेलाच असतो. पण त्याच्या अंगावर गुलाबी-जांभळे चुनकट शेवाळ चढते, भोकांतून स्पंज व कृमी घरे करतात आणि सूक्ष्मजंतूंना तर सुमारच नसतो. वाड्याला जाग येते ती भिंतींमुळे नव्हे, बिऱ्हाडांमुळे. या खडकाचेही तसेच आहे.

या बिऱ्हाडकरूंचा टाकीला उपयोग काय? मासा खातो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. समुद्रात तो विरून जातो; टाकीत साठतो. त्यात समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्यामुळे तेथे अमोनिया अधिकच जहाल ठरतो. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले की, काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही कामे खडकाच्या पृष्ठभागावर, भरपूर प्राणवायूत चालतात. खोल छिद्रांत प्राणवायू पोहोचत नाही; तेथील निराळे जंतू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. गंमत अशी की, अमोनियावर जगणारा एक अगदी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव २००५ साली प्रथम वेगळा काढण्यात आला, तो अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील टाकीच्या खड्यांतून. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात अवजड यंत्रे नव्हती. समुद्रातील खडक, स्वच्छ समुद्रजल, उजेड आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढाच तिचा सरंजाम होता.

मग समुद्रावर जावे आणि खडक उचलून आणावा, असे कोणाच्याही मनात येईल. येथेच थांबावयास हवे. तो तुकडा समुद्रात रिकामा पडलेला नसतो. माशांच्या पिल्लांचा तो आसरा असतो आणि पुढच्या प्रवाळाचा पाया असतो. अमेरिकेत फ्लॉरिडालगतच्या केंद्रीय हद्दीतील नैसर्गिक खडक काढणे १९९७ पासून बंद आहे. तेथे आता खाणीतला चुनखडक ठरलेल्या जागी समुद्रात टाकतात व त्यावर वस्ती झाली म्हणजे तोच विकतात. आपल्याकडे २००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही अनुसूची. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. त्यांच्या तुकड्याला हात लावण्याचा हौशी माणसाला अधिकार नाही.

तेव्हा आमचे सांगणे असे की, खडक जिवंत आणावयाचा नाही. तो जिवंत करावयाचा. चुन्याचा वा भाजलेल्या मातीचा कोरडा कृत्रिम खडक घ्यावा, नाहीतर सिमेंट, शिंपल्यांचा चुरा व जाडे मीठ कालवून घरीच ओतावा. मीठ पाण्यात विरघळते आणि छिद्रे मागे राहतात. मात्र सिमेंटचा खारटपणा नव्हे, तर त्याचा तीव्र अल्क जाईपर्यंत असा खडक गोड्या पाण्यात काही आठवडे भिजवावा व पाणी बदलत राहावे. निवडताना तुकडा हातात तोलून पाहावा. आकाराच्या मानाने हलका असेल तर तो सच्छिद्र समजावा. दोनशे लिटरच्या टाकीला सामान्यतः वीस ते तीस किलो पुरतो. हलका असेल तर त्याहून कमी. जेथे लागवडीचा जिवंत खडक रीतसर मिळतो, तेथे वासही घ्यावा. समुद्राचा ताजा वास असावा. सडक्या अंड्याची घाण येत असेल तर तो परत करावा.

आता तयारी. पिंपात खारे पाणी घ्यावे. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास व उष्णता २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावी. पंपाने पाणी खेळते ठेवावे आणि शेवाळ माजू नये म्हणून पिंप अंधारात ठेवावे. लागवडीचा खडक असेल तर मेलेला, बुळबुळीत भाग ब्रशाने काढून पाणी बदलत जावे. खडक कोरडा असेल तर जुन्या, निरोगी टाकीतला मूठभर वाळूचा विरजणासारखा उपयोग करावा आणि जंतूंना अन्न म्हणून कोळंबीचा लहानसा तुकडा टाकावा. प्रथम अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येतील व नायट्रेट दिसू लागेल. ही चाचणी दर दोन-तीन दिवसांनी करावी. या कामास चार ते आठ आठवडे लागतात, कधी अधिकही. दोन्ही आकडे शून्यावर येऊन काही दिवस तेथेच टिकले, म्हणजे खडक टाकीच्या तळावर पक्का बसवावा, मधून पाणी फिरेल अशा फटी ठेवाव्या, वाळू नंतर पसरावी. मासा आणावा तो एकच, आणि तोही लहान.

विरजण लावल्यावर दही लागेपर्यंत भांडे हलवू नये, हे आपल्या घरांतून कोणाला शिकवावे लागत नाही. तेवढाच धीर येथे धरला, तर टाकीतला मासाही जगतो आणि समुद्रातला खडकही समुद्रातच राहतो.