सरकार बदललं, मग अरब धोरण का नाही बदललं?

मागच्या भागानंतर एकानं व्हॉइस नोट पाठवली: "दादा, निवडणुकीत सरकार पडलं की अरब देशांशी आपलं वागणंही बदलतं का?" माझं झटपट उत्तर होतं, "हो, अर्थात." मग 1977 बद्दल वाचलं आणि थोडा गप्प झालो.

त्या मार्चमध्ये काँग्रेस पहिल्यांदाच केंद्रातून गेली. मोरारजी देसाई पंतप्रधान, अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री. वाजपेयींचा जनसंघ वर्षानुवर्षं म्हणत होता की इस्रायलशी पूर्ण संबंध जोडा. भारतानं 1950 मध्ये इस्रायलला मान्यता दिली होती, पण दिल्लीत त्यांचा दूतावास नव्हता. होती ती फक्त आपल्या मुंबईतली कॉन्सुलेट. सगळ्यांना वाटलं, आता पारडं फिरणार. पण त्याच वर्षी दिल्लीच्या विजयसभेत वाजपेयींनी उलटंच सांगितलं: इस्रायलनं बळकावलेली अरबांची जमीन सोडलीच पाहिजे.

का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. नवी टीम येते, जुन्या कोडला नावं ठेवते, एक ओळ उडवायला जाते आणि कळतं की त्या ओळीवर दहा गोष्टी उभ्या आहेत. इथे पहिली गोष्ट तेल. 1973 च्या युद्धानंतर भाव जवळपास चौपट झाले होते आणि आपलं बरंचसं तेल आखातातूनच यायचं. दुसरी, तिकडे कामाला जाणारी आपली माणसं आणि ती घरी पाठवत असलेला पैसा. तिसरी गोष्ट काश्मीर. पाकिस्ताननं हा विषय काढला की अरब राजधान्यांमध्ये आपल्याबद्दल नाराजी नको होती.

म्हणजे काहीच बदललं नाही? तसंही नाही. त्याच वर्षी इस्रायलमध्येही सत्तापालट झाला होता, आणि तिथले नवे परराष्ट्रमंत्री मोशे दायान ऑगस्टमध्ये गुपचूप भारतात येऊन देसाई आणि वाजपेयींना भेटले. एका डोळ्यावर काळी पट्टी, कुणीही ओळखेल असा माणूस, आणि भेट मात्र गुप्त! (मला हा सगळ्यात भारी भाग वाटतो.) देसाईंनी पूर्ण संबंधांना नकार दिला. आधी अरबांशी तोडगा काढा, असा त्यांचा सूर होता. निवडणुकीनं दार किलकिलं केलं, तेही मागचं.

1980 मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि मार्चमध्ये पीएलओच्या दिल्लीतल्या कार्यालयाला पूर्ण राजनैतिक दर्जा मिळाला. हे निवडणुकीचं फळ म्हणता येईल, पण वाट जुनीच होती.

खरा बदल 29 जानेवारी 1992 ला झाला, पूर्ण संबंध जुळले. आणि केला कुणी? नरसिंह रावांच्या काँग्रेस सरकारनं, तेही अल्पमतातल्या! तोवर सोव्हिएत संघ कोसळला होता, आणि माद्रिदच्या परिषदेत अरब देश स्वतःच इस्रायलसमोर बसले होते. जनसंघाची जुनी मागणी काँग्रेसनं पूर्ण केली.