घरच्या दुरुस्तीपूर्वीं इंधनाची टांकी रिकामी करणें

मृगाचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ट्रॅक्टर, इंजिनपंप, फवारणी यंत्रें व मोटारसायकली यांच्या दुरुस्तीची एकच घाई उडते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या धानाच्या पट्ट्यांत चिखलणी अडूं नये म्हणून, आणि वरोरा-राजुऱ्याकडे कापूस-सोयाबीनच्या पेऱ्यासाठीं, प्रत्येकास यंत्र वेळेवर तयार हवें असतें. कारागीर मात्र मोठ्या गांवीं. भामरागड-एटापल्लीकडील अरण्यांतल्या खेड्यांत त्यास आणणें म्हणजे दिवसभराची खोटी. तेव्हां शेतकरी आपल्या आंगणांतच पाना-पक्कड घेऊन बसतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. यंत्राची माहिती धन्यास असावी हें उत्तमच. परंतु या घरगुती दुरुस्तींत एक काम असें आहे कीं, त्यांतील हयगय जिवावर बेतते. तें काम म्हणजे टांकींतील तेल काढणें.

"डिझेल काडीनें पेटत नाहीं, त्याचें भय कशाला?" असें जाणते लोकहि म्हणतात. थंडीच्या दिवसांत हें बहुतेक खरें ठरतें. पण जळते ती तेलाची वाफ, तेल नव्हे. ज्या उष्णमानास ठिणगीनें पेट घेण्याइतकी वाफ तेलावर जमूं लागते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा हा बिंदु शून्याच्याहि खालीं सुमारें 40 अंश आहे. म्हणजे पौषांतील पहांटेसहि पेट्रोल पेटण्यास तयारच असतें. गाड्यांच्या डिझेलचा हा बिंदु 35 अंश सेल्सिअसहून कमी नसावा, एवढेंच भारतीय मानकाचें बंधन आहे. आतां चंद्रपूरचा वैशाख आठवावा. सावलींत 45 ते 47 अंश उष्णता ही येथें नवलाची गोष्ट नाहीं, आणि उन्हांत उभ्या ट्रॅक्टरची पत्र्याची टांकी तर हात लावूं देत नाहीं. अर्थात् जें डिझेल माघांत गरीब वाटतें, तेंच मे महिन्याच्या दुपारीं एका ठिणगीनें भडकूं शकतें.

दुसरा गैरसमज असा कीं, टांकी रिकामी झाली म्हणजे धोका टळला. भरल्या टांकींत हवेस जागा थोडी असते. तेल काढलें कीं त्याची जागा हवा घेते, तळाशीं व कडांस चिकटलेल्या थेंबांची वाफ तींत मिसळते, आणि स्फोटास हवें तें मिश्रण आयतें तयार होतें. पेट्रोलच्या बाबतींत शंभर भागांत वाफेचे दीड ते साडेसात भाग असले कीं पुरे. 17 जुलै 1996 रोजीं न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेलें टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें विमान आकाशांत फुटून 230 माणसें मृत्यु पावलीं. चार वर्षांच्या चौकशीअंतीं संभाव्य कारण ठरलें तें हें कीं, मधल्या, जवळजवळ रिकाम्या टांकींतील वाफ खालच्या यंत्रांच्या उष्णतेनें तापली होती व तिनेंच पेट घेतला. तें इंधन रॉकेलाच्या जातीचें होतें, पेट्रोल नव्हे.

महसूल खात्यांत असतां आगीचे पंचनामे लिहिण्याचें काम आम्हांकडे पुष्कळदां आलें. तणसीचा ढीग, कोठ्यांतील जनावरें, धानाचीं पोतीं, कवेलूंचें छप्पर यांचें मोल रकान्यांत भरतां येतें. भाजलेल्या घरधन्याच्या वेदनांस त्या कागदांत रकाना नसतो. तेल काढतांना आग लागली असेल तर घरच्यांचें उत्तर बहुधा ठरलेलें असे, "चूल तर लांब होती." चूल लांब असते खरी, पण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें वर न उडतां जमिनीलगत पसरते, आणि उताराच्या आंगणांतून लांबच्या चुलीस जाऊन मिळते.

प्रत्येक दुरुस्तीस तेल काढण्याचें कारण नाहीं. हवेची जाळी साफ करणें, पट्टा बदलणें, ब्रेक आवळणें यांसाठीं टांकीस हात लावूं नये. टांकी उतरवावयाची असेल, ती गळत असेल, यंत्र आडवें करावें लागत असेल, किंवा पेट्रोलचें फवारणी यंत्र हंगामानंतर महिनोगणती ठेवावयाचें असेल, तेव्हां मात्र तेल काढावें. आजच्या पेट्रोलांत 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें दमट हवेंतील पाणी ओढून घेतें व पडून राहिलेल्या टांकीस आंतून गंज चढतो. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या बी. एस.-6 मोटारसायकलींत बहुधा विजेचा पंप टांकींतच असतो व नळींत दाब असतो. अशा गाडीची टांकी घरीं उघडूं नये.

तेल काढण्याची रीत अशी :

1. काम सकाळीं करावें. इंजिन रात्रभर निवालेलें असावें. जागा मोकळी, आणि घर, कोठा, तणस व वाळलेला पालापाचोळा यांपासून दूर असावी. विडी ओढणारास जवळ फिरकूं देऊं नये.

2. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी.

3. तेल पत्र्याच्या स्वच्छ डब्यांत घ्यावें व डबा जमिनीवर ठेवावा. धार उंचावरून सोडूं नये. नळीचें टोंक डब्याच्या तळाशीं टेकलेलें असावें. प्लॅस्टिकच्या डब्यांत पडत्या तेलानें वीज सांठून ठिणगी उडण्याचा संभव असतो.

4. तळाचा कॉक किंवा बोल्ट हळूहळू उघडावा. शेवटचें गढूळ तेल वेगळें ठेवावें. त्यांत पाणी व गाळ असतो.

5. टांकीस वेल्डिंग किंवा डाग घरीं मुळींच देऊं नये. पाण्यानें एकदां खंगाळली म्हणजे वाफ गेली असें समजूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें.

6. डिझेल पुन्हां भरल्यावर फिल्टरवरील हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा, व बुडबुडे थांबून अखंड तेल येऊं लागलें म्हणजे तो आवळावा. हें न केल्यास इंजिन सुरू होत नाहीं, आणि सेल्फ मारून मारून बॅटरी मात्र उतरते.

नळी तोंडानें ओढून तेल काढण्याची चाल सर्वत्र आहे. ती सोडलीच पाहिजे. घोटभर तेल श्वासनळींत गेलें तर फुप्फुसांस सूज येऊन प्राणावर बेततें. तेल पोटांत गेल्यास उलटी करवूं नये, कारण उलटीबरोबर तें फुप्फुसांत उतरतें. तडक दवाखाना गांठावा. हातानें दाबावयाचा रबरी पंप थोड्या पैशांत मिळतो.

काढलेलें तेल पाण्याच्या वा दारूच्या बाटलींत भरून ठेवूं नये. घरांत लेंकरें असतात. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल परवान्याशिवाय एकूण 30 लिटरपर्यंतच बाळगतां येतें, व तेंहि घट्ट बुचाच्या भांड्यांत. कांचेचें भांडें एक लिटरहून मोठें नसावें. गढूळ तेल बांधींत, बोडींत वा विहिरीजवळ ओतूं नये, आणि चूल पेटविण्यास तर कदापि वापरूं नये.

कामापूर्वीं दोन घमेलीं कोरडी माती जवळ ठेवावी. पेटल्या तेलावर पाणी टाकल्यास तेल पाण्यावर तरंगून आग पसरवितें. माती ती गुदमरवते. भाजलेल्या अंगावर मात्र वीस मिनिटें स्वच्छ थंड पाणी ओतावें. तूप, शाई, दंतमंजन लावूं नये.

या सर्वांस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. चिखलणी एक दिवस लांबली तर रोवणी मागेंपुढें होते, पण पीक हातीं येतें. आमच्या दूरच्या खेड्यांतून भाजलेल्या माणसास मोठ्या रुग्णालयांत पोंचविण्यास मात्र कित्येक तास लागतात. म्हणून यंदा पाना हातीं घेण्यापूर्वीं आमच्या शेतकरी बंधूंनीं आधीं चुलीकडे, मग उन्हाकडे, आणि मगच टांकीकडे पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.