*राखणीसाठी दुर्बीण घेताय? मोठ्या आकड्याला भुलू नका*



भात निसवायला लागलं की राखण सुरू होते. कर्नाळ्याच्या डोंगराकडे शेत असेल तर रानडुक्कर आणि माकडं. उलवे, वहाळ, गव्हाणकडे खाडीलगत खाचर असेल तर मुनियांचे थवे आणि जांभळ्या पाणकोंबड्या. अशा वेळी मोबाईलवर "शिकारीची दुर्बीण, २०-१८०×१००, फक्त आजच्या दिवस" अशी जाहिरात दिसते आणि हात ऑर्डरच्या बटणाकडे जातो. जरा थांबा, आधी हे वाचा.

पहिली गोष्ट, शिकार आपल्याकडे बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि रानडुक्करही त्यात येतं. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बांधावर तारेत वीज सोडणं तर त्याहून वाईट, त्यात डुकराआधी आपलाच माणूस जातो. दुर्बीण घ्यायची ती लांबून ओळखायला: शेतात काय शिरलंय, किती आहेत, कुठून येतात. संध्याकाळी झुडपातल्या डुकराच्या अंगावर नकळत जाण्यापेक्षा दोनशे मीटरवरून बघितलेलं बरं. ड्रोनचं म्हणाल, तर विमानतळ शेजारी आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही. पाखरं हाकलायला लेझर वापरत असाल तर तो आकाशाकडे नेऊ नका, विमानाकडे लेझर मारणं गुन्हा आहे.

*आकड्यांचा अर्थ*
दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आता ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. डोळ्यात जाणारा उजेडाचा ठिपका तेवढ्या मिलिमीटरचा असतो. डुकरं येतात तिन्हीसांजेला, तेव्हा आपली बाहुली साधारण ५ मिलिमीटर उघडते. म्हणून भागाकार ४ ते ५ च्या आसपास हवा. खिशातली १०×२५ घेतली तर अडीचच येतात. दुपारी झकास दिसेल, पण दिवेलागणीला सगळं काळपट.

आणि पट जास्त म्हणजे चांगलं, हा मोठा गैरसमज. हात हलतो तो सुद्धा तितक्याच पटीने. १० पटीपर्यंत हातात धरून जमतं, १२ च्या पुढे स्टँड लागतो. शिवाय पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो, मग बांधावरून पळणारं जनावर सापडतच नाही. ८ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत १००० मीटरवर साधारण १२० ते १४० मीटर रुंद भाग दिसतो. राखणीला तेवढं भरपूर.

*वजन*
८×३२ साधारण अर्धा किलो, ८×४२ साडेसहाशे ते साडेसातशे ग्रॅम, १०×५० जवळपास ९०० ग्रॅम. गळ्यात अडकवून बांधावरून फिरायचं असेल तर पहिली किंवा दुसरी घ्या. माळ्यावर एका जागी बसून राखण करणाऱ्याला १०×५० चालेल. एका डोळ्याची दुर्बीण आणखी हलकी आणि स्वस्त असते, पण दहा मिनिटांत डोळा शिणतो. स्टँडवरची मोठी दुर्बीण आपल्या कामाची नाही. आणि साधी दुर्बीण काळोखात काही दाखवत नाही, कोणी काहीही सांगो.

*दुकानात तपासायच्या पाच गोष्टी*
१. फूटपट्टी न्या. १०० लिहिलंय तर पुढचं भिंग १० सेंटिमीटर भरलं पाहिजे. बहुतेक स्वस्त मालाची लबाडी इथेच पकडली जाते.
२. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा ठिपका पूर्ण गोल दिसावा. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतला प्रिझम हलका आहे.
३. लांबची पाटी दोन्ही डोळ्यांनी मिनिटभर बघा. दोन-दोन दिसली किंवा कपाळ दुखलं तर ठेवून द्या.
४. लालभडक चमकणारी भिंगं टाळा. हिरवट-जांभळट मंद झाक बरी.
५. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. पूर्ण गोल दिसला पाहिजे.

आपल्याकडे पावसाळा चार महिने आणि खाडीची दमट हवा बारा महिने. म्हणून "वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली" असं लिहिलेली मिळाली तर चार पैसे जास्त द्या. नुसत्या साध्या दुर्बिणीत एका पावसात वाफ धरते आणि भिंगावर बुरशी चढते. घरी आणल्यावर कपाटात न कोंबता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. धूळ आधी फुंकून किंवा ब्रशने काढा, मग मऊ कापड. धोतराच्या सोग्याने पुसू नका, ओरखडे पडतात.

*दिसलं, मग पुढे काय?*
मोबाईलचा कॅमेरा दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला लावून फोटो काढा. सकाळी पायाचे ठसे, उकरलेली माती आणि पडलेलं भात यांचेही फोटो घ्या. रानडुक्कर, माकड यांनी केलेल्या नुकसानीला वनखात्याची भरपाई आहे, पण अर्ज ३ दिवसांच्या आत द्यायचा असतो. पंचनाम्याआधी शेत साफ करू नका. वनखात्याची हेल्पलाईन १९२६. पाखरं आणि उंदीर मात्र या भरपाईत बसत नाहीत, म्हणून नुकसान कोणी केलं हे ओळखणं महत्त्वाचं.

मुलांच्या हातात देताना एक सांगा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. क्षणात डोळा जातो.

एका वाडीत चार-पाच शेतं लागून असतील तर प्रत्येकाने हजाराचं खेळणं घेण्यापेक्षा मिळून एक चांगली ८×४२ घ्या आणि राखणीच्या पाळीबरोबर ती फिरवा. घेण्याआधी मॉडेलचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा, आकडे बघून सांगतो.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी