कंपनीचं गुपित आणि माहितीचा अधिकार

रस्त्याचं कंत्राट कोणाला, किती रकमेत मिळालं, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. पण त्याच फाइलमध्ये कंत्राटदाराची उत्पादनपद्धत किंवा खर्चाचं गणितही असू शकतं. प्रतिस्पर्ध्याच्या हाती ते पडलं तर धंद्याचं नुकसान होतं. म्हणून माहिती अधिकार कायदा, २००५ मधल्या कलम ८ ने व्यापारी गुपितांना संरक्षण दिलं आहे. व्यापक जनहित असेल, तर मात्र ते बाजूला ठेवता येतं.

कंपनीने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करायचा विचार असेल, तर कलम ११ लागू होतं. अर्ज आल्यापासून ५ दिवसांत जन माहिती अधिकाऱ्याने कंपनीला, म्हणजे त्रयस्थ पक्षाला, लेखी नोटीस द्यायची. कंपनीला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. निर्णय अर्जापासून ४० दिवसांत, आणि त्याविरुद्ध अपीलही करता येतं. इथेच अनेकदा घोळ होतो. कंपनीने हरकत घेतली की अर्ज फेटाळायचा, असा समज दिसतो. तो चुकीचा आहे. हरकत विचारात घ्यायची असते, निर्णय अधिकाऱ्याचाच. कंपनीला नकाराधिकार कायद्याने दिलेलाच नाही. शिवाय कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला कागद देता येतो. अर्जदारांनी अर्जातच तशी मागणी करावी.

व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये आपल्या २८९व्या अहवालात तशी शिफारस केली आहे.