परसातील मत्स्यतळे आणि जलपर्णीचे नियंत्रण

पुण्यातील मुळा-मुठेचे संथ पात्र किंवा रामनदीवरील पाषाण तलाव उन्हाळ्यात पाहिला असता पुष्कळदा पाण्याच्या जागी हिरवे कुरण पसरल्याचा भास होतो. हे कुरण जलपर्णीचे होय. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालमध्ये आणली गेली. पुणे महानगरपालिका ती यंत्रांनी व मजुरांकरवी काढविते; तथापि ती पुन्हा उगवते. असे का घडते, याचा उलगडा परसातील लहान मत्स्यतळ्याच्या उदाहरणाने सुलभ होतो.

जलपर्णीची वाढ मुख्यत्वे आडव्या धावणाऱ्या खोडांपासून होते. ऊब व पोषण लाभल्यास तिने व्यापलेले क्षेत्र सुमारे १ ते २ आठवड्यांत दुप्पट होते. तळ्याचा अष्टमांश भाग झाकला गेला असेल व दुपटीस २ आठवडे लागत असतील, तर अवघ्या ६ आठवड्यांत सर्व तळे झाकले जाईल. शिवाय तिचे बी तळच्या गाळात १५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जिवंत राहू शकते.

या आच्छादनाखाली प्रकाश पोचत नाही, हवा व पाणी यांतील देवघेव मंदावते आणि कुजणारी पाने विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. पहाटे हा प्राणवायू सर्वांत कमी असतो. म्हणून त्या वेळी मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडताना दिसतात. अशा तळ्यात तणनाशक एकदम फवारणे हितावह नव्हे. मेलेली सर्व जलपर्णी एकाच वेळी कुजू लागते, आणि जे मासे वाचवावयाचे तेच गुदमरतात.

जैविक उपायांनाही मर्यादा आहेत. गवत्या मासा पाण्याखालील कोवळ्या वनस्पती आवडीने खातो, परंतु जलपर्णीस सहसा तोंड लावीत नाही. निओकेटिना प्रजातीच्या दोन जातींचे भुंगे १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी भारतात आणून प्रथम बेंगळूर परिसरात सोडण्यात आले. ते जलपर्णीवरच जगतात. पण त्यांचा परिणाम दिसण्यास दीर्घ काळ लागतो, आणि पोषणद्रव्ये विपुल असतील तेथे वनस्पतीची वाढ त्यांना मागे टाकते.

म्हणून लहान तळ्यात हाताने उपसणे हाच उत्तम मार्ग होय. फुले येण्यापूर्वी प्रत्येक रोप मुळासकट काढावे, नंतर दर आठवड्यास राहिलेली रोपे वेचावीत. काढलेली जलपर्णी काठावर कुजू देऊ नये, कारण तिच्यातील नत्र व स्फुरद पाझरून पुन्हा तळ्यातच उतरतात. ती दूर नेऊन वाळवावी व तिचे खत करावे. ओढ्यात टाकल्यास ती नदीस मिळते. यासोबतच मोरीचे पाणी तळ्यात जाऊ देऊ नये आणि माशांना ते लगेच खातील तेवढेच खाद्य द्यावे.

तळ्याचा हा न्याय नदीसही लागू पडतो. जलपर्णी हे मुळात अतिपोषित पाण्याचे लक्षण आहे. मुळा-मुठेत सांडपाणी मिसळत राहील, तोवर उपसणीचे काम दरवर्षी नव्याने करावे लागेल.