एका सोंडकिड्याचे बारसे

तांदूळ निवडायला घेतले म्हणजे सुपात एखादा सोंड्या हमखास चालताना दिसतो. काळपट तपकिरी रंग, लांबी तीनेक मिलिमीटर आणि पुढे सोंडेसारखे वाकलेले तोंड. भंडारा जिल्हा धानाचा. इथल्या घरात ह्या प्राण्याची ओळख प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने करून देण्याची गरज नाही. आज ज्याच्याविषयी सांगावयाचे आहे तो ह्याच सोंड्याचा दूरचा भाऊबंद. मूळचा ब्राझीलचा, रंगाने काळा, लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. तांदळाला तो तोंड लावीत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या एका विशिष्ट तणावर तो जगतो आणि ते तण संपले की त्याचाही कारभार आटोपतो. माणसांनी त्याला हजारो मैल दूर नेले, धरणांवर सोडले, त्याने कामही करून दाखविले. आणि मग, १९८५ साली, त्याचे रीतसर बारसे झाले. नाव ठेवले 'सायर्टोबेगस साल्व्हिनिई'. नाव उच्चारायला जड आहे खरे, पण हे नाव नव्हते म्हणून काही देशांची दहा-पंधरा वर्षे फुकट गेली. ती कशी, ते आता पाहू.

आधी ते तण. त्याचे नाव साल्व्हिनिया मोलेस्टा. हे एक पाणनेचे आहे, म्हणजे बिनफुलांचे. पानांच्या वरच्या बाजूस बारीक लव असते, त्यामुळे पाणी पानावर ठरत नाही, थेंब होऊन घरंगळते. ह्या वनस्पतीला प्रजननक्षम बीजाणू धरत नाहीत. तिला त्याची गरजही भासत नाही, कारण तुटलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवे रोप. ऊब आणि खत भरपूर मिळाले तर थोड्याच दिवसांत ती दुप्पट होते. आज एक परात असेल तर महिन्या-दोन महिन्यांत किती परातींची जागा लागेल, हे गणित आपले आपणच करून पाहावे. पाण्यावर गादी अंथरल्यासारखा थर बसतो, खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी मरते आणि डोंगा पुढे सरकत नाही.

भंडाऱ्याच्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोहळी मंडळींनी बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले शेकडो तलाव ह्या भागात आहेत. शेतकऱ्याच्या धानाला पाणी तिथून, ढिवर बांधवांची मासळी आणि शिंगाडा तिथून. तलाव तणाने झाकला की एकाच वेळी दोन-तीन जातींचे हात बसून राहतात. बेशरम आणि जलपर्णी ह्यांनी हा अनुभव इथे पुरेपूर दिलेला आहे.

साल्व्हिनियाचा मोठा गाजावाजा झाला तो आफ्रिकेत. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणात १९५८ च्या अखेरीस पाणी साठू लागले आणि १९६२ पर्यंत त्या जलाशयाचा सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पृष्ठभाग ह्या तणाने व्यापला. त्या वेळी शास्त्रज्ञ ह्या वनस्पतीस 'साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा' असे म्हणत. ही ऑरिक्युलाटा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात व त्रिनिदाद बेटात आढळते. साहजिकच तिचे शत्रू शोधायला माणसे तिकडे गेली. शोध रीतीला धरूनच होता. तिथे तीन किडे मिळाले : एक टोळ, एक पतंग आणि एक बारीक सोंडकिडा. सोंडकिड्याचे नाव पुस्तकात होतेच, 'सायर्टोबेगस सिंग्युलॅरिस'. तो आफ्रिकेत नेऊन सोडला. तो जगला, पण तणावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. टोळाचीही तीच गत. आपल्याकडे केरळात १९७४ साली तो टोळ सोडून पाहिला होता. तण होते तिथेच राहिले.

घोटाळा वनस्पतीच्या नावात होता. १९७२ साली डी. एस. मिचेल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, करिबाचे तण ऑरिक्युलाटा नव्हेच. ती वेगळीच जाती आहे. तिला त्याने 'मोलेस्टा' म्हणजे त्रासदायक, असे नाव दिले. ठेवलेले नाव इतके शोभून दिसावे असे शास्त्रात क्वचितच घडते. आता जाती वेगळी म्हटली की तिचे माहेरही वेगळे असणार. ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. ह्या सरकारी संशोधन संस्थेचे फोर्नो आणि हार्ली ते माहेर हुडकीत हिंडले आणि १९७८ साली आग्नेय ब्राझीलमध्ये ते सापडले. तिथल्या तणावरही एक बारीक काळा सोंडकिडा होता. दिसायला हुबेहूब सिंग्युलॅरिस. म्हणून त्याला सिंग्युलॅरिसच समजून ऑस्ट्रेलियात नेले, कित्येक पिकांवर आणि पाणवनस्पतींवर उपाशी ठेवून त्याची परीक्षा घेतली, आणि साल्व्हिनियावाचून तो दुसऱ्या कशावर जगत नाही अशी खात्री पटल्यावर १९८० साली क्वीन्सलंडमधील मूनडारा तलावावर सोडले. वर्ष-सव्वा वर्षात सुमारे १८ हजार टन ओले तण तपकिरी होऊन तळाशी गेले.

आता प्रश्न उभा राहिला. एकाच नावाचा किडा आफ्रिकेत हात टेकतो आणि ऑस्ट्रेलियात तलाव साफ करतो, हे कसे? हवा वेगळी, पाणी वेगळे, अशी उत्तरे देता आली असती आणि तशी ती नेहमी दिली जातात. काल्डर आणि सँड्स ह्या दोघांनी मात्र दोन्हीकडचे किडे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले.

नव्या जातीचे वर्णन करणे म्हणजे नेमके काय, हे इथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. नवी जाती 'सापडणे' आणि तिचे 'वर्णन होणे' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा ती आधीच सापडलेली असते, संग्रहालयाच्या पेटीत दुसऱ्याच्या नावाखाली वर्षानुवर्षे पडून असते. दोन मिलिमीटरच्या किड्याला टाचणी टोचता येत नाही, त्याचे तुकडे होतील. म्हणून जाड कागदाचा लहानसा त्रिकोण कापतात, त्याच्या टोकावर डिंकाच्या ठिपक्याने किडा चिकटवितात आणि टाचणी त्या कागदाला टोचतात. खाली चिठ्ठी : गाव, तारीख, कोणी पकडला, कोणत्या वनस्पतीवर. चिठ्ठीवाचून किडा म्हणजे पत्त्यावाचून टपाल.

मग मोजमाप. सोंड किती लांब, स्पृशेची पेरे किती, पाठीवरच्या कठीण पंखांवर खाचांच्या ओळी कशा, त्या खाचांमधली जागा गुळगुळीत की खरबरीत. एवढ्याने भागले नाही तर नराचे पोट उघडावे लागते. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ते ठेवले की मांस विरघळते आणि जननेंद्रियाचा कठीण भाग स्वच्छ उरतो. बाहेरून जुळे भाऊ वाटणाऱ्या जाती पुष्कळदा इथे वेगळ्या पडतात, कारण हा अवयव जातीजातीत निराळ्या घडणीचा असतो. सोंडकिड्यांच्या बाबतीतही आकार, अंगावरच्या खाचा आणि हा अवयव ह्यांत फरक निघाला. ब्राझीलचा किडा थोडा लहानही होता.

फरक निघाला तरी काम संपत नाही. जुन्या नावाचा खरा धनी कोण, हे ठरवावे लागते. प्रत्येक जातीचा एक नमुना नावाचा जामीन म्हणून राखून ठेवलेला असतो. त्याला 'होलोटाइप' म्हणतात. उद्या वाद झाला तर पुस्तकातले वर्णन बाजूला राहते, हा नमुना साक्षीला येतो. आंतरराष्ट्रीय नियमावली ह्या बाबतीत तलाठ्याच्या दप्तरापेक्षा कडक. लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ सालची; तिच्या आधीचे प्राण्याचे कोणतेही नाव तिथे चालत नाही, आणि नंतरच्यांत जे आधीचे ते खरे. वर्णन रीतसर प्रसिद्ध झाले पाहिजे; नुसते भाषणात सांगून, आज मी सांगतो आहे तसे, भागत नाही. नाव मात्र ठेवणाऱ्याच्या मर्जीचे. नागपूरजवळ टाकळीच्या खडकांत पाद्री हिस्लॉप ह्यांना जे अश्मीभूत कीटक मिळाले होते, त्यांचे वर्णन अँड्र्यू मरे ह्यांनी १८६० साली केले आणि एका भुंगेऱ्याला हिस्लॉप ह्यांचेच नाव दिले. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या वैदर्भीय भुंगेऱ्याला स्कॉटिश पाद्रीबाबांचे नाव!

तर काल्डर आणि सँड्स ह्यांनी १९८५ साली ब्राझीलच्या किड्याचे वर्णन 'साल्व्हिनिई' ह्या नावाने प्रसिद्ध केले, आणि मग वागण्यातला फरकही उलगडला. सिंग्युलॅरिसची अळी तणाला बाहेरून कुरतडते. साल्व्हिनिईची अळी खोडाच्या आत शिरून बोगदा पाडते, आणि प्रौढ किडे कोवळे कोंब खातात. म्हणजे वाढ वरूनही तुटते आणि आतूनही. तुकड्यातून नवे रोप उगवते खरे, पण कोंबच राहिला नाही तर उगवणार कोठून? आणखी एक गंमत : किडा पाण्याखाली जातो तेव्हा पोटाखाली हवेचा पातळ थर धरून ठेवतो आणि अळी कोशात जाते ती पाण्याखालीच, तणाच्या मुळांचे घरटे विणून.

पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीवर ह्याच तणापायी लोकांनी गावे सोडली होती. तिथे १९८२ पासून किडा सोडला, पण काही डबक्यांत तो तग धरीना. पाहिले तर तण पिवळे पडलेले, त्यात नत्र कमी. मग तणालाच युरिया दिला! तण हिरवे झाले, किड्यांची पैदास वाढली आणि त्यांनी तण खाल्ले. धानाला युरिया देणाऱ्या शेतकऱ्याला ही युक्ती ऐकून हसू येईल, पण हिशोब अचूक होता. पुढे ह्या कामाबद्दल त्या ऑस्ट्रेलियन तुकडीला युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात हा किडा ऑस्ट्रेलियातून आला आणि १९८३ च्या सुमारास बंगळूरच्या एका कमळतळ्यावर सोडला गेला. नाव अजून जुनेच होते, किडा मात्र खरा होता. वर्षभराच्या आत तळे मोकळे झाले. केरळात, जिथे टोळ हरला होता, तिथे धानाच्या बांध्यांतून आणि कालव्यांतून ह्याने तण हटविले. अलीकडे हे तण मध्य भारतातही उतरले. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या एका तलावावर, आणि मग आपल्या अमरावतीच्या सीमेपलीकडे बैतुल जिल्ह्यात, सारणीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या जलाशयावर ते पसरले. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने केरळातून किडा आणून वाढविला आणि ह्या दोन्ही ठिकाणी सोडला. कटनीचा तलाव सुमारे दीड वर्षात मोकळा झाला. सारणी भंडाऱ्याहून काही फार लांब नाही. तणाचा एखादा तुकडा मासळीच्या बिजाईबरोबर किंवा शोभेच्या रोपांच्या कुंडीतून कोठेही जाऊ शकतो, हे मत्स्यपालन संस्थांनी ध्यानात ठेवणे बरे.

मग वैनगंगेवरच्या जलपर्णीवर हाच किडा सोडा की, असे कोणी म्हणेल. तो तिथे उपाशी मरेल. जलपर्णीचे किडे वेगळे. तेही सोंडकिडेच, पण दुप्पट मोठे, आणि भारतात त्यांच्या दोन जाती १९८३ च्या आसपास आणल्या गेल्या. योगायोग असा की, त्यांतल्या एकीचे, 'निओचेटिना आयकॉर्निई'चे, वर्णन १९७० सालीच झाले. त्याआधी तिला स्वतंत्र नाव नव्हते. तरीही माझे मत विचाराल तर वैनगंगेच्या बाबतीत किड्यावर सगळी भिस्त ठेवू नये. नाग नदीतून कन्हानमार्गे नागपूरचे सांडपाणी येत राहील आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात ते संथ साचून राहील, तोवर जलपर्णीला बसल्या जागी खत मिळतच राहणार. बेशरमीवर तर ह्यांपैकी कोणताच किडा चालत नाही. ती मुळासकट उपटावी लागते, आणि काही गावांतील ढिवर बायाबापड्यांनी ती उपटूनही दाखविली आहे.

उलट आपल्या तलावांत जे आधीपासून आहे तेही सगळे ओळखीचे आहे असे समजू नये. शिंगाड्याची पाने चाळणीसारखी करणारा भुंगेरा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो नुकसान करतो. जे नुकसान करीत नाहीत त्यांच्याकडे लक्ष कोणाचे जाणार? आणि लहान म्हणजे तरी किती लहान! कोलंबियातल्या एका भुंगेऱ्याचे माप २०१५ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत ठेंगणा नमुना ०.३२५ मिलिमीटर भरला. म्हणजे आपल्या दोन मिलिमीटरच्या सोंडकिड्याच्या लांबीत तसे सहा एका ओळीत उभे राहतील.

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना तलावाकाठी असे काही आढळले तर किडा अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आतच टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. तलावाचे नाव, गाव, तालुका आणि तारीख चिठ्ठीवर असू द्यावी. आणि ज्या वनस्पतीवर किडा मिळाला तिची एक फांदी, फुलासकट मिळाली तर उत्तम, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वाळवून, बाटलीबरोबरच पाठवावी. वनस्पतीचे नाव स्वतः लिहून पाठविण्याची घाई करू नये.